खाल्लेल्या पात्यावरून खाणारा कसा ओळखायचा

प्राणी काय खातो हे पाहायचं म्हटलं की बहुतेक जण दुर्बीण उचलतात. मी आधी गुडघे टेकायला सांगते. चरणाऱ्या प्राण्याचं तोंड गवतात असतं, ते दुर्बिणीतून नीट दिसत नाही. शिवाय बऱ्याचदा तो रात्रीच येऊन गेलेला असतो. झाडझुडूप मात्र जागचं हलत नाही. कोणी तोडलं, कसं तोडलं, साधारण कधी तोडलं आणि काय नको म्हणून सोडलं, या सगळ्याच्या खुणा त्याच्या अंगावर राहतात. त्या खुणा वाचायची रीत इथे सांगते आहे. गाईगुरांच्या कुरणात, जंगलाच्या कडेला, डोंगरउतारावर, कुठेही ती चालते.

नवशिक्यांच्या वह्यांत मला हमखास एक नोंद सापडते: ‘गवत खाल्लेलं दिसलं.’ एवढ्यावर पुढचं काहीच उभं राहत नाही. कोणतं गवत, त्याचा कोणता भाग, जमिनीपासून किती उंचीवर तोडलेला आणि शेजारचं काय तसंच राहिलेलं, ही चार उत्तरं वहीत असली तर तोडणारा न दिसताही पुष्कळ कळतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, वही, पेन्सिल (पेन दवात दगा देतं), खुणेसाठी रंगीत दोरा आणि नमुन्यासाठी कागदी पाकिटं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला पाला कुजतो, म्हणून कागदच हवा. जमलं तर सकाळी लवकर निघा. ऊन तिरपं असताना गवतातल्या वाटा आणि दबलेले पट्टे सावलीमुळे उठून दिसतात, आणि रात्रीचे काप अजून ओले असतात.

तोडलेली कड

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मी प्राणी दाखवतच नाही. गवताचा एक झुबका दोन बोटांभोवती गुंडाळून झटक्याने ओढायला लावते. दुसरा झुबका कात्रीने कापायला लावते आणि तिसरा नखांनी खुडायला. मग तिन्हींची टोकं भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवायची. ओढलेल्या पात्यांची टोकं वर-खाली, फाटकी, शिरांचे धागे लोंबणारी. कात्रीची सरळ. नखांनी खुडलेली चेपलेली, कडेला गडद हिरवा ओला डाग असलेली. हा फरक एकदा डोळ्यात बसला की अर्धं काम झालं.

आता हे दातांशी जुळवून पाहा. गाय, म्हैस, मेंढी, शेळी, हरीण या रवंथ करणाऱ्या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे हिरडीची एक टणक गादी असते. खालचे दात त्या गादीवर दाबून, मानेला हिसका देऊन ते गवत तोडतात. गाय त्याआधी जिभेने झुबका वेढून घेते. त्यामुळे गाय चरलेल्या जागी पाती ओढलेली, फाटकी आणि कमी-जास्त उंचीची राहतात. गवत फार आखूड असेल तर जिभेला वेढा घालता येत नाही आणि गाय तिथे अडते. मेंढीचा वरचा ओठ मधून दुभंगलेला आणि हलता असतो, त्यामुळे तोंड जमिनीच्या अगदी जवळ जातं आणि ती एकेक पान वेचू शकते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात. तो गवत अक्षरशः कातरतो, तेही मुळाशी. म्हणून एकाच कुरणात गाय आणि घोडा चरत असले तरी गायीने सोडलेल्या जागा आणि घोड्याने सोडलेल्या जागा वेगळ्या दिसतात.

डहाळी तर याहून स्पष्ट बोलते. सशाला वर-खाली धारदार दात असतात. तो कोवळी काडी चाकूने छाटल्यासारखी कापतो, साधारण 45 अंशांत तिरपी आणि गुळगुळीत. हरणाने तोडलेल्या काडीचं टोक फाटकं असतं, एका बाजूला सालीची पट्टी लोंबते. आफ्रिकेतल्या काळ्या गेंड्याला पुढचे दात नाहीत. तो टोकदार वरच्या ओठाने फांदी तोंडात ओढतो आणि दाढांनी छाटतो, त्यामुळे चांगली जाड फांदीही तिरपी साफ कापलेली मिळते. हत्ती मोडतो, सोलतो, चावून चोथा करतो. त्याच्या काडीची टोकं कुंच्यासारखी पिंजलेली असतात. काळा गेंडा आणि हत्ती एकाच रानात असतील तर शेणातल्या काड्यांची टोकं पाहूनसुद्धा दोघांत फरक करता येतो.

इथे एक सावधगिरी. पान अर्धं गेलेलं दिसलं म्हणजे ते गुराने किंवा हरणानेच खाल्लं असं नाही. नाकतोडे आणि अळ्या कडेपासून आत कुरतडत येतात, त्यांचा काप अर्धगोल खाचांचा असतो. गोगलगाय पान खरवडते; काही ठिकाणी नुसता पातळ पापुद्रा उरतो आणि त्यातून उजेड दिसतो. गवतात छोट्या बोगद्यासारखी वाट असेल आणि तिच्यात काड्यांचे बोटभर तुकडे पडलेले असतील तर ते काम उंदरांच्या जातीचं. मोठ्या प्राण्याच्या एका घासात शेजारची चार-पाच पाती एकदम जातात. म्हणून एकाच पात्यावर कधीच थांबू नका. त्याच्या आजूबाजूची पाती कोणत्या उंचीवर तुटली आहेत तेही पाहा.

काप किती जुना हे रंगावरून ठरवा. ताजी कड ओली आणि हिरवी असते, मग ती फिकट पडते, वाळते आणि तपकिरी होते. याला किती तास किंवा दिवस लागतात हे हवेवर अवलंबून आहे. म्हणून त्या त्या हंगामात स्वतः काही पाती कात्रीने कापायची, शेजारी दोरा बांधायचा आणि रोज पाहायचं. तीच आपली मोजपट्टी. दुसऱ्या ठिकाणची मोजपट्टी उसनी आणू नका.

उंच पात्याला बोथट टोक

गवताची एक गोष्ट समजली नाही तर इथे हमखास फसगत होते. गवताचं पान टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढतं. वाढणारा भाग पानाच्या तळाशी, बेचक्याच्या आत झाकलेला असतो आणि नवे फुटवे जमिनीलगत येतात. वरचं टोक गेलं तरी खालून पान वर सरकत राहतं. पाहायचं असेल तर वाढत्या कोवळ्या पात्यावर शाईचा ठिपका द्या. काही दिवसांनी ठिपका आणि टोक यांच्यातलं अंतर तेवढंच असेल, पण ठिपका जमिनीपासून वर गेलेला असेल.

याचा अर्थ असा की हातभर उंच पात्याचं टोक निमुळतं नसून बोथट आणि वाळलेलं असेल, तर ते पान आखूड असताना चरलं गेलं आणि नंतर वाढलं. चरण्याची उंची म्हणून आजची उंची लिहिली तर नोंद चुकेल. उलट बोथट टोकाच्या खाली किती ताजा हिरवा भाग वर आलाय हे पाहिलं की मधल्या काळात तिथे कोणी तोंड लावलेलं नाही, हे कळतं.

झुडपांचं आणि बहुतेक रुंद पानांच्या झाडांचं असं नसतं. त्यांचा वाढता कोंब शेंड्याला असतो. शेंडा खुडला गेला की खालचे डोळे फुटतात आणि एका काडीच्या जागी दोन-तीन काड्या येतात. पुन्हा खुडलं, पुन्हा फुटलं, असं होत होत झुडूप गच्च, काटेरी उशीसारखं होतं. अशा खुरट्या रोपाला लहान समजू नका. डार्विनने 1859 साली याचं फार सुंदर उदाहरण दिलं आहे. इंग्लंडच्या सरे भागातल्या एका उघड्या माळावर त्याला दुरून पाइनचं एकही नवं झाड दिसेना. जवळ जाऊन झुडपांच्या बुडाशी पाहिलं, तर गुरांनी सतत खुडलेली रोपं तिथे दाटीने उभी होती. एका चौरस यार्डात त्याने 32 मोजली. त्यातल्या एकाच्या खोडात 26 वर्षांची वलयं होती आणि ते अजून आजूबाजूच्या झुडपांच्या वर डोकं काढू शकलं नव्हतं. शेजारी कुंपण घातलेल्या भागात मात्र तीच झाडं गर्दी करून वर आली होती.

म्हणून खुरटं रोप दिसलं की बुडापासून वर बोट फिरवत जा. जिथे मुख्य खोड अचानक थांबून बाजूची फांदी वर निघाली आहे, तिथे एकेकाळी शेंडा गेलेला असतो. अशी वळणं मोजली की त्या रोपाला किमान किती वेळा तोंड लागलं याचा अंदाज येतो. मला हे काम सगळ्यात जास्त आवडतं. गुडघ्याइतक्या रोपात एखाद्या मोठ्या माणसाच्या वयाएवढा इतिहास असू शकतो.

उंचीची रेघ

जिथे पाला खाणारे प्राणी भरपूर असतात तिथे झाडांच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ दिसते. वर हिरवं आणि खाली मोकळं. मेंढ्यांची रेघ कमरेच्या आसपास असते, मोठ्या गुरांची साधारण दोन मीटरवर, जिराफांच्या प्रदेशात ती चार-पाच मीटरवर जाते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय खोडाला टेकवते, त्यामुळे तिच्या अंगाच्या मानाने रेघ बरीच वर मिळते. पूर्व आफ्रिकेतलं जेरेनुक हे हरीण टेकूशिवायच मागच्या पायांवर उभं राहून खातं. रेघ पाहताना उतार आणि दगड विचारात घ्या. दगडावर चढून पोचलेली जागा सपाटीवरच्या रेघेशी जुळणार नाही.

काटेही याच उंचीला धरून पाहा. जिराफ पोचतात त्या उंचीच्या फांद्यांवर बाभळीच्या कुळातल्या काही झाडांना जास्त लांब काटे येतात आणि शेंड्याकडे ते आखूड होतात. झाडाला किती खर्च परवडतो, याचा हिशेबच तिथे उंचीप्रमाणे मांडलेला असतो.

जे खाल्लं नाही त्याची नोंद

हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच आहे. ‘हे खाल्लं’ या नोंदीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ‘हेही शेजारी होतं पण सोडलं’ हे लिहिलेलं असतं. एखाद्या जागी एकच गवत असेल तर प्राण्याने ते खाल्लं यात आवड कसली? दहा वनस्पती समोर असताना तीन निवडल्या तर ती आवड.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी हे काम स्वीडनमध्ये पद्धतशीर केलं आणि 1749 साली प्रसिद्ध केलं. पाळीव जनावरांपुढे वनस्पती ठेवून कोण काय खातं आणि काय नाकारतं, दोन्ही लिहून काढलं. शेळीने 449 वनस्पती खाल्ल्या आणि 126 नाकारल्या. गाईबैलांनी 276 खाल्ल्या, 218 नाकारल्या. घोड्याने 262 खाल्ल्या, 212 नाकारल्या. आजही एखाद्या कुरणात शेळ्या आणि गाई एकत्र का चालतात, हे या आकड्यांतून कळतं. नाकारल्याचे आकडे नसते तर ही तुलनाच झाली नसती.

तर करायचं असं. एक मीटर बाजूची दोऱ्याची चौकट जमिनीवर टाका. तिच्यातली प्रत्येक वनस्पती लिहा आणि पुढे एक खूण करा: शिवलेली नाही, टोकं खुडलेली, अर्धी गेलेली, बुडापर्यंत गेलेली. नाव माहीत नसेल तर एक फांदी पाकिटात घाला, क्रमांक द्या, पुढे चला. नावासाठी तिथेच अडून बसू नका. चौकट कुठे टाकायची ते मात्र आधी ठरवा, उदाहरणार्थ सरळ रेषेत दर वीस पावलांवर. डोळ्याला जागा निवडू दिली की तो बरोबर खाल्लेल्या जागीच जातो.

सोडण्याची कारणं अनेक असतात. विष हे त्यातलं एक. कण्हेर, घाणेरी, ब्रॅकन नेचा ही जगात ठिकठिकाणी आढळणारी उदाहरणं आहेत; घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरांचं यकृत बिघडतं आणि उन्हात त्यांची कातडी भाजल्यासारखी होते. पण विषारी झाड कधीच खाल्लं जात नाही असं समजू नका. भूक असली की खाल्लं जातं, आणि कुरणात फक्त अशीच झाडं उभी उरली असतील तर तिथे चारा संपलाय हा निरोप आहे. काही झाडांचं विष वयानुसार बदलतं. ज्वारीच्या कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकत चाललेल्या पाल्यात सायनाइड तयार होतं आणि गुरं दगावू शकतात. तीच ज्वारी पक्व झाल्यावर चारा म्हणून चालते. त्यामुळे वनस्पतीच्या नावापुढे तिची अवस्था लिहाच: कोवळी, फुलावर, बी धरलेली, वाळलेली.

दुसरं कारण शेण. कुरणात मधूनच गर्द हिरव्या उंच गवताचे गोल पुंजके दिसतात. नवख्याला वाटतं इथलं गवत बेचव असावं. पुंजका बाजूला सारा, बुडाशी जुन्या शेणाचा पो सापडतो. गाय आपल्या शेणाभोवतीचं गवत बरेच दिवस टाळते. पोटातल्या जंतांच्या अळ्या शेणातून बाहेर येऊन त्याच पात्यांवर चढतात, त्यामुळे हे टाळणं तिच्या फायद्याचं आहे. घोडे ठरावीक जागी लीद टाकतात आणि दुसऱ्या जागी चरतात, म्हणून त्यांच्या कुरणात एकीकडे गालिचा आणि एकीकडे माजलेलं गवत अशी वाटणी होते.

तिसरं कारण राठपणा. गवत जून झालं की त्याच्या देठात लिग्निन हे कडकपणा आणणारं द्रव्य वाढतं, ते पचत नाही. बऱ्याच गवतांत सिलिकाचे (वाळूतल्या द्रव्याचे) सूक्ष्म कण असतात, त्यांनी दात झिजतात. घोड्याच्या लांब दाढा त्यामुळेच आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात. चरलेल्या जागेत पानं गेलेली आणि कोरडे देठ उभे, असं चित्र दिसलं तर तिथे निवडून खाणारा प्राणी होता. देठांसकट सगळं सपाट असेल तर एक तर मोठ्या पोटाचा प्राणी, नाहीतर फार मोठी भूक.

आता प्राण्याकडे बघा

एवढं झाल्यावर दुर्बीण काढा, कारण आता काय शोधायचं ते माहीत झालं आहे. एकाच प्राण्यावर दहा मिनिटं नजर ठेवा. मिनिटाला किती घास घेतो, दोन घासांमध्ये किती पावलं टाकतो आणि डोकं कुठल्या उंचीवर आहे, एवढंच लिहा. घास भराभर आणि पावलं थोडी, तर चारा मुबलक. पावलं जास्त आणि घास थोडे, तर तो वेचतो आहे. प्राणी निघून गेल्यावर, धोका नसेल तर, नेमक्या त्या जागी जाऊन ताजे काप पाहा. चरणाऱ्याच्या जवळ स्वतःहून जाऊ नका. त्याने मान वर करून आपल्याकडे पाहिलं की आपण फार जवळ आलो. मग जे दिसतं ते त्याचं नेहमीचं खाणं नसतं.

तोंडाची रुंदी बघा. पांढऱ्या गेंड्याचा ओठ रुंद आणि सपाट, तो जमिनीवरचं गवत एका पट्ट्यात उचलतो. काळ्या गेंड्याचा ओठ चोचीसारखा, तो झुडपं खातो. रुंद तोंडाला भराभर खाता येतं पण निवडता येत नाही. अरुंद तोंडाला निवडता येतं पण पोट भरायला वेळ लागतो.

पोटाचाही विचार करावा लागतो. गाय, हरीण, मेंढी चारा आधी कोठीपोटात साठवतात, तिथले सूक्ष्मजीव तो आंबवतात, मग रवंथ होऊन बारीक झालेलाच चारा पुढे सरकतो. राठ चारा तिथे बराच काळ अडकून राहतो. घोडा, झेब्रा, गेंडा, हत्ती यांचं आंबवणं आतड्याच्या शेवटच्या भागात होतं. त्यांचं पचन कमी नेटकं, पण चारा लवकर पुढे जातो, म्हणून हलक्या प्रतीचं गवत भरपूर खाऊन ते भागवतात. त्यात अंगाचा आकार मिसळा. लहान प्राण्याला वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा लागते आणि पोट छोटं असतं, त्यामुळे त्याला कोवळं, पौष्टिकच हवं. मोठा प्राणी राठावर तग धरतो.

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात संशोधक रिचर्ड बेल यांनी 1971 साली हेच दाखवलं. झेब्रे उंच गवताचे राठ देठ खातात, त्यांच्यानंतर विल्डबीस्ट (गायीसारखी दिसणारी मोठी हरणं) पानांचा भाग खातात, आणि शेवटी थॉमसन गॅझेल ही लहानशी हरणं उघड्या पडलेल्या आखूड, कोवळ्या फुटीवर येतात. पुढच्या संशोधनात या क्रमामागे मदतीइतकाच स्पर्धेचाही हात दिसला आहे: विल्डबीस्टचे प्रचंड कळप मागून येत असतात म्हणूनही झेब्रे पुढे सरकतात. आपल्या जागी एकापेक्षा जास्त प्राणी चरत असतील तर कोण आधी आणि कोण नंतर आलं, आणि दरम्यान गवताची उंची किती होती, हे मोजून ठेवा.

शेण, लीद आणि लेंड्या

हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि वाळलेलं शेण चुरगाळताना नाका-तोंडाशी धूळ येऊ देऊ नका. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

काडीने फोडून आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. घोड्याच्या लिदेत गवताचे लांब धागे सहज ओळखू येतात. गायीच्या शेणातला चोथा बराच बारीक असतो, कारण रवंथ करून बारीक झाल्याशिवाय तो कोठीपोटातून सुटत नाही. हत्ती खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त न पचवताच टाकतो, त्यामुळे तिथे काड्या, साल आणि अख्ख्या बिया मिळतात. सशाच्या लेंड्या कोरड्या, गोल, भुशासारख्या. मऊ लेंड्या तो स्वतः परत खातो, त्या आपल्या हाती लागत नाहीत.

खरी मजा सूक्ष्मदर्शकाखाली आहे, आणि शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. पानाच्या वरच्या आवरणाचे तुकडे पचनातून बऱ्याच प्रमाणात वाचतात. गवताच्या आवरणात पेशी लांबट आणि ओळीत असतात, आणि पर्णरंध्राभोवतीच्या दोन पेशी डंबेलसारख्या दिसतात, दोन्ही टोकांना फुगीर. रुंद पानांच्या झाडांत पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या असतात आणि पर्णरंध्राच्या पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकलेल्या. हे एवढं ओळखता आलं तरी प्राणी गवत खातो की पाला, की दोन्ही, हे सांगता येतं.

पण आधी संग्रह हवा. त्या जागच्या प्रत्येक वनस्पतीच्या पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, सुकू द्या, चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावा. पानाच्या पृष्ठभागाचा हुबेहूब ठसा मिळतो. पानाच्या दोन्ही बाजूंचे ठसे घ्या, त्या सारख्या नसतात. काचपट्टीवर वनस्पतीचं नाव, बाजू, तारीख आणि जागा त्याच क्षणी लिहा. मग शेणाचा चिमूटभर भाग पाण्यात ढवळून बारीक गाळणीतून धुवा, उरलेला चोथा काचपट्टीवर पसरा आणि ठशांशी ताडून पाहा. निदान शंभर तुकडे ओळखल्याशिवाय टक्केवारी काढू नका, आणि ते एकाच ढिगातले नकोत, वेगवेगळ्या ढिगांतले हवेत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. मऊ, रसाळ वनस्पती जवळजवळ पूर्ण पचतात, त्यामुळे त्या कमी दिसतात आणि राठ गवत जास्त दिसतं. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे ते आता शेणातल्या डीएनएवरून वनस्पती ओळखतात. 2015 साली केनियात सात मोठ्या शाकाहारी प्राण्यांवर असं काम प्रसिद्ध झालं. ‘गवत खाणारे’ म्हणून एकाच गटात टाकलेले प्राणीही वेगवेगळ्या जातींची गवतं खातात, हे त्यात स्पष्ट दिसलं. म्हणूनच वहीत नुसतं ‘गवत’ लिहिलेलं मला खपत नाही.

पिंजरा

चरण्याचा जागेवर काय परिणाम होतो हे पाहायला सगळ्यात साधं साधन म्हणजे तारेच्या जाळीचा पिंजरा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, गुडघाभर उंच, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून घट्ट. मोठी गुरं असतील तर खुंट्या मजबूत हव्यात, कारण ती पिंजऱ्याला अंग घासतात. शेजारी तेवढीच उघडी जागा दोऱ्याने आखा. दोन्हीकडे सुरुवातीला सारखं गवत असायला हवं. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्या, आणि काम संपलं की तारेचा तुकडाही मागे सोडू नका. तो कोणाच्या तरी पायात किंवा पोटात जातो.

ठरावीक दिवसांनी दोन्हीकडचं गवत सारख्या उंचीवर कापा, पूर्ण वाळवा, वजन करा. फरक म्हणजे ढोबळमानाने त्या काळात चरलं गेलेलं गवत. ढोबळच, कारण चरलेलं गवत आणि न चरलेलं गवत एकाच वेगाने वाढत नाही. पिंजरा दर वेळी नव्या जागी हलवला तर ही चूक कमी होते.

एखादा पिंजरा मात्र न हलवता वर्षानुवर्षं ठेवा. तिथे काय होतं ते अनेकांच्या अपेक्षेच्या उलट असतं. डार्विनने तीन फूट बाय चार फूट हिरवळीचा तुकडा न कापता वाढू दिला, तेव्हा वीस जातींपैकी नऊ नाहीशा झाल्या, उंच वाढणाऱ्यांनी त्यांना झाकून टाकलं. केनियात 1995 पासून चालू असलेल्या कुंपणाच्या प्रयोगाच्या जागी काटेरी झाडांवर राहणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास झाला. या मुंग्या चरणाऱ्यांना चावून झाडाचं रक्षण करतात आणि झाड त्यांना गोड रस आणि पोकळ काट्यांत घर देतं. मोठे प्राणी दूर ठेवल्यावर झाडांनी गोड रस आणि घरं कमी केली, रक्षण करणाऱ्या मुंग्या घटल्या, खोड पोखरणाऱ्या भुंग्यांचा त्रास वाढला आणि झाडं उलट हळू वाढू लागली. हे 2008 साली प्रसिद्ध झालं.

कायमच्या पिंजऱ्यातली वनस्पतींची यादी दरवर्षी त्याच महिन्यात करा आणि त्याच कोपऱ्यातून, त्याच उंचीवरून एक छायाचित्र घ्या. पिंजऱ्याचा क्रमांक रंगाने खुंटीवर लिहा आणि वहीतही, कारण काही वर्षांनी गवत माजल्यावर खुंटी शोधूनही सापडत नाही. जवळच्या एखाद्या मोठ्या झाडापासूनची दिशा आणि पावलं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.